चाकांवरचं घर आणायला आठशे किलोमीटर

जुनं घर विकत घ्यायचं म्हटलं, की घरातली पुरुषमंडळी कागद पाहतात, भाव पाहतात, समोरचा रस्ता किती फुटी आहे ते पाहतात. आपण बायका मात्र सरळ स्वयंपाकघरात शिरतो. मोरीचं पाणी कुठं जातं, भिंतीला ओल आहे का, फडताळाच्या मागच्या कोपऱ्यातून वास कसला येतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण मैत्रिणींनो, तेच घर चाकांवर असलं, आठशे किलोमीटर दूर असलं आणि विकणारी बाई ना ओळखीची, ना आपल्या देशाची, तर? तरीसुद्धा आपलं हेच ज्ञान उपयोगी पडतं, असा माझा अनुभव आहे.

२०२३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझ्या धाकट्या बहिणीकडे अमेरिकेत, मिनियापोलिसला गेले होते. मी रत्नागिरीला शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे मे महिना आणि जूनचे पहिले दहा-बारा दिवस मोकळे होते. बहिणीच्या घरी त्या वेळी एकच विषय चालू होता, जुना ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचा! आपल्याकडं त्याला कॅरव्हॅन म्हणतात. मोटारीच्या मागं जोडून ओढत न्यायची खोलीच म्हणा ना. आत पलंग, ओटा, गॅसची शेगडी, फ्रिज, छोटी न्हाणी आणि संडास. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. मुक्कामाच्या जागी सोडून ठेवायचा आणि गाडी घेऊन फिरायला जायचं.

तुम्ही म्हणाल, हा कसला नसता थाट? पण त्यामागं कारण होतं. बहिणीच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. वय बहात्तर, गुडघे दुखरे. संकष्टी, एकादशी कटाक्षानं पाळणाऱ्या आणि बाहेरचं न खाणाऱ्या. त्यांना यलोस्टोनचे गरम पाण्याचे फवारे पाहायची फार इच्छा. यलोस्टोन मिनियापोलिसपासून जवळजवळ हजार मैलांवर. वाटेत चार ठिकाणी मुक्काम, प्रत्येक रात्री मोटेलचं दीडशे डॉलर भाडं, आणि माईंनी खायचं काय? केळी आणि दही? शिवाय तासातासाला संडास शोधायचा, ही अडचण वयस्क बाई चारचौघांत बोलून दाखवत नाही, पण त्यापायी प्रवासच टाळते. चाकांवरचं घर असलं म्हणजे हे सगळे प्रश्न एकदम सुटत होते. नवा घ्यायचा तर वीस-पंचवीस हजार डॉलरांच्या पुढंच. म्हणून जुना पाहायचा, आणि तो बहिणीनं दोन वर्षं बाजूला टाकलेल्या पैशांतून.

फोटो सुंदर, माणूस गायब

जाहिराती पुष्कळ होत्या. त्यांतली एक तर इतकी देखणी, की आम्ही दोघी बहिणी हरखूनच गेलो. चकचकीत ट्रेलर, किंमत बाजारभावाच्या निम्मी. विकणारीनं पत्रात लिहिलं होतं, 'मी नोकरीनिमित्त परदेशी आहे. ट्रेलर वाहतूक कंपनीच्या वखारीत ठेवला आहे. तुम्ही पैसे मध्यस्थाकडं भरा, ट्रेलर घरपोच येईल. पाच दिवस वापरून पाहा, नाही पसंत पडला तर परत करा.'

बहिणीनं एकच गोष्ट मागितली. 'वखारीतल्या कुणाला तरी ट्रेलरमध्ये उभं राहून फोनवर चालतंबोलतं चित्र दाखवायला सांगा, आणि चौकटीवरचा नंबर जवळून दाखवा.' त्यावर उत्तर आलं ते पैसे लवकर भरण्याच्या तगाद्याचं. मग बहिणीनं तो नाद सोडला. ही फसवणुकीची अगदी ठरलेली रीत आहे, बरं का. विकणारा नेहमी लांब कुठंतरी असतो, वस्तू तिसऱ्याच्या ताब्यात असते, किंमत अर्धी असते आणि घाई मात्र दुप्पट असते. तारेनं पाठवलेले पैसे किंवा भेटकार्डावरचे आकडे एकदा दिले, की परत मिळणं फार कठीण.

त्यानंतर सापडली ती इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टजवळची जाहिरात. फोटो चारच, तेही अंधुक. पण फोन करताच एका वयस्क बाईंनी स्वतः उचलला. २०१२ सालचा, बावीस फुटी ट्रेलर, सांगितलेली किंमत साडेअकरा हजार डॉलर. 'माझे यजमान २०२१ साली गेले,' त्या म्हणाल्या. 'मला तो ओढता येत नाही. पलंगावरच्या खिडकीतून २०१६ साली पाणी गळलं होतं, ते आम्ही दुरुस्त केलं. तेव्हा येऊन बघा आणि मग बोला.'

बहिणीनं विसार पाठवू का, असं विचारलं, तर त्या चक्क नाही म्हणाल्या. 'न बघता पैसे कशाला देता?' त्या एका वाक्यावर आमचा निम्मा विश्वास बसला. जो माणूस न विचारता वस्तूचं वैगुण्य सांगतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यालाही वजन येतं.

तरी बहिणीनं फोनवरच आणखी काही गोष्टी विचारून घेतल्या. मालकीचा कागद, ज्याला तिकडं 'टायटल' म्हणतात, तुमच्याच नावावर आहे ना? त्यावर बँकेचं कर्ज नाही ना? सतरा आकडी-अक्षरी नंबर काय? हा नंबर चोरीच्या गाड्यांत नाही ना, हे विमा कंपन्यांची एक संस्था फुकट तपासून देते. तेही पाहून घेतलं. आणि ट्रेलरचं वजन किती? कारण आपली गाडी किती ओढू शकते हे आधी माहीत हवं. हा ट्रेलर सामान भरून जास्तीत जास्त साडेपाच हजार पौंड, म्हणजे सुमारे अडीच हजार किलोचा होता. मेहुण्यांची पिकअप सात हजार पौंड ओढणारी, म्हणजे चिंता नव्हती.

मक्याची शेतं आणि हरवलेला तास

जूनच्या पहिल्या रविवारी पहाटे आम्ही तिघं निघालो. मुलं माईंजवळ राहिली. मिनियापोलिस ते एल्कहार्ट पाचशे मैलांहून थोडं जास्त, म्हणजे आठशे किलोमीटरच्या वर. रत्नागिरीहून जवळजवळ नागपूर गाठायचं. पण रस्ता असा, की नऊ-साडेनऊ तासांत माणूस पोचतो.

सेंट क्रॉय नदी ओलांडली की विस्कॉन्सिन राज्य लागतं. मोटारींच्या नंबरपट्टीवरच 'अमेरिकेची दूधभूमी' असं लिहिलेलं. लाल रंगाचे मोठाले गोठे, शेजारी उंच नळकांड्यांसारखी वैरणीची कोठारं, नुकताच वीतभर वर आलेला मका. पेट्रोल पंपावर चहा नाही, पण चीज मात्र दहा तऱ्हेचं! मॅडिसन, रॉकफर्ड करत दुपारी शिकागोच्या वाहनांच्या गर्दीतून बाहेर पडलो. मिशिगन सरोवराच्या खालच्या टोकाला वळसा घालताना गॅरी शहरातले पोलादाचे कारखाने दिसतात, आणि त्यांना लागूनच वाळूच्या टेकड्यांचा किनारा. २०१९ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. एका बाजूला धुरांडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्रासारखी वाळू, असं दृश्य मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही.

पुढं साउथ बेंडच्या अलीकडं घड्याळ एक तास पुढं करावं लागतं. एकाच राज्यात दोन वेळा! मेहुणे म्हणाले, "ताई, तुमचा एक तास इंडियानानं खाल्ला." मी म्हटलं, "परत जाताना वसूल करू."

ट्रेलरचं माहेर

एल्कहार्ट हे शहर दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं. एकोणिसाव्या शतकापासून इथं बँडची पितळी वाद्यं बनत. आपल्या ओळखीची पाण्यात फसफसणारी अल्का-सेल्टझरची गोळीही इथल्याच माइल्स कंपनीनं १९३१ साली बाजारात आणली. आणि १९३० नंतरच्या दशकात इथं ट्रेलर बांधायला सुरुवात झाली. सुतारकाम जाणणारी माणसं होती, रेल्वे होती, शिकागो आणि डेट्रॉइट दोन्ही जवळ. धंदा असा वाढला, की आज अमेरिकेत बनणाऱ्या चाकांवरच्या घरांपैकी बहुसंख्य याच जिल्ह्यात आणि आसपास बनतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब कारखाने आणि पांढऱ्या ट्रेलरच्या रांगा. माहेरच्या अंगणात लग्नाआधी उभ्या केलेल्या मुलीच जणू!

एकाच धंद्यावर गाव उभं असलं, की त्याची झळही सगळ्या गावाला लागते. मंदी आली, की लोक सर्वांत आधी सहलीची वस्तू घ्यायची थांबवतात. २००९ साली इथं शंभरातल्या अठरांहून अधिक माणसांना काम नव्हतं. त्या फेब्रुवारीत अध्यक्ष ओबामा मुद्दाम इथं येऊन गेले. आणि करोनाच्या काळात उलटं झालं. हॉटेलं नकोत, विमान नको, म्हणून जो तो ट्रेलर मागू लागला. २०२१ साली देशभरात सहा लाखांवर गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. तो विक्रम होता. २०२३ मध्ये तो आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. आम्हाला जुना ट्रेलर परवडणाऱ्या किंमतीत मिळत होता, त्यामागं हेही एक कारण होतं.

त्या आजींचे यजमानही तीस वर्षं अशाच एका कारखान्यात होते. २००९ च्या आधी काम गेलं, दोन वर्षांनी पुन्हा मिळालं. "त्या दोन वर्षांत मी शिवणकामावर घर चालवलं," आजी म्हणाल्या. आपल्याकडच्या कुठल्याही गिरणगावातली बाई बोलते आहे, असंच मला वाटलं.

हाताला लागलेली ओल

सोमवारी सकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. ट्रेलर पत्र्याच्या छपराखाली उभा होता. आजींनी आत झाडून पुसून लख्ख केलं होतं. खिडक्यांना त्यांनी स्वतः शिवलेले निळ्या चौकटींचे पडदे होते. कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीनं लिहिलेली यादी होती, 'निघण्यापूर्वी: गॅस बंद. पायरी आत. फ्रिजची कडी. विजेची तार काढली का?' मला तर ते घर पाहताक्षणी आवडलं.

मेहुणे बाहेरून तपासायला लागले. टायरवर शेवटी चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. यावर होतं २२१६, म्हणजे २०१६ सालचा बाविसावा आठवडा. नक्षी नवी दिसत होती, पण रबर सात वर्षांचं झालेलं. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात आणि उन्हात वेगानं जाताना फुटतात, म्हणून पाच-सहा वर्षांनी ते बदलायचेच असतात. मग त्यांनी शिडी लावून छपरावरच्या सांध्यांचा डिंक पाहिला, गॅस पेटवून पाहिला, फ्रिज गॅसवर आणि विजेवर दोन्हीकडं चालतो का ते पाहिलं, पाण्याच्या टाक्या भरून नळ सोडले.

मी आत होते. एकेक कपाट उघडायचं, तोंड आत घालून वास घ्यायचा, तळव्यानं फळी दाबायची. आपण कोकणातल्या बायका. चार महिने पागोळ्या मोजत काढतो. वाळलेल्या लाकडाचा वास वेगळा आणि ओल धरून वाळलेल्या लाकडाचा वास वेगळा, हे आपल्या नाकाला ठाऊक असतं. २०१६ साली गळलेल्या खिडकीखाली सगळं ठणठणीत होतं. पण पुढच्या बाजूला, बाकाखालच्या पेटीत, उजव्या कोपऱ्यात कुबट वास आला. तिथं अंगठा दाबला, तर फळी शिळ्या पोळीसारखी दबली.

मी बहिणीला हळूच हाक मारली. तिनंही दाबून पाहिलं. मग मेहुण्यांनी ओल मोजायचं छोटं यंत्र लावलं. सगळीकडं शांत असलेला काटा त्या कोपऱ्यात एकदम वर चढला.

आता काय करायचं? मेहुणे मराठीत म्हणाले, "ताई, रिकाम्या हातानं परत जायची तयारी ठेवूनच आलोय आपण. भिडेखातर घ्यायचा नाही." बहिणीचं म्हणणं, आजींनी हे लपवलं असेल तर बाकीच्या गोष्टींचा काय भरवसा? मला मात्र तसं वाटेना. लपवणारी बाई पेटीत काहीतरी दडपून ठेवते, अत्तराचा वास तरी मारते. इथं तर सगळं उघडं होतं.

शेवटी आम्ही आजींनाच आत बोलावलं आणि त्यांचा हात धरून त्या जागेवर ठेवला. बोटं दबताच त्यांचा चेहरा उतरला. बराच वेळ त्या काही बोललया नाहीत. मग म्हणाल्या, "ते असते तर त्यांना आधी कळलं असतं. मला ही पेटी वाकून बघता येत नाही हो." आणि लगेच म्हणाल्या, "तुम्ही घेऊ नका. मी तुम्हाला दोष देणार नाही."

ट्रेलरचा खरा शत्रू ऊन नाही, थंडी नाही, अपघातही नाही, पाणी! भिंतीत बारीक लाकडी चौकट, मध्ये ऊब राखणारा थर आणि बाहेरून पातळ कवच असतं. एक सांधा उलला, की पाणी आत शिरतं आणि वर्षानुवर्षं दिसत नाही. बाहेरच्या पत्र्याला फुगे आले किंवा आतल्या कागदाला सुरकुत्या पडल्या, म्हणजे रोग पुढं गेलाय असं समजायचं. म्हणून सगळा प्रश्न असा होता, की ही ओल तळहाताएवढी आहे, की पूर्ण भिंतभर?

सायकलवरून आलेला कारागीर

ते सांगणारा माणूस आजींच्या शेजारीच होता. या भागात आमिश लोकांची मोठी वस्ती आहे. घरी वीजजोडणी नको, मोटार नको, असं साधं आयुष्य जगणारे हे धर्मनिष्ठ लोक. घरात जर्मनची एक बोली बोलतात. रस्त्यावर त्यांच्या घोड्यांच्या काळ्या बग्ग्या दिसतात. गंमत अशी, की त्यांच्यातले पुष्कळ पुरुष याच ट्रेलरच्या कारखान्यांत कामाला जातात. शेतजमीन सर्वांना पुरत नाही आणि हातात सुतारकाम तर पिढ्यान्‌पिढ्यांचं.

कारखाने पहाटे सुरू होऊन दुपारी लवकर सुटतात. अडीचच्या सुमारास तो शेजारी सायकलवरून आला. गवती टोपी, दाढी आहे पण मिशी नाही, निळा सदरा. त्यानं बाकाची फळी उचकटली. आतली चौकट वीतभर काळी पडली होती, पण पलीकडचं लाकूड कोरडं आणि पिवळंधमक. मग तो बाहेर गेला आणि वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या दिव्याकडं बोट दाखवलं. दिव्याभोवतीचा डिंक उलला होता. पाणी तिथून शिरून भिंतीतून उतरत खाली साठत होतं. आपल्याकडं नाही का, कौल फुटतं एकीकडं आणि टोपलं ठेवावं लागतं भलतीकडंच!

"उद्या संध्याकाळपर्यंत करून देतो. साडेतीनशे डॉलर," एवढंच तो बोलला.

मिळालेला एक दिवस

अशा रीतीनं मंगळवार आम्हाला फुकट मिळाला. सकाळी शिपशेवानाच्या बाजाराला गेलो. मे ते सप्टेंबर, दर मंगळवारी आणि बुधवारी हा मोठा बाजार भरतो. गोधड्या, लाकडी पाट, मुरंबे, जुनी भांडी, झाडांची रोपं. आमिश बायका पांढऱ्या टोप्या घालून पाव विकत होत्या. त्यांच्या गोधड्यांची शिवण पाहून मला आपल्या घोंगड्या-वाकळांची आठवण झाली. टाका बारीक, रंग ठसठशीत.

दुपारी एल्कहार्टचं ट्रेलरांचं संग्रहालय पाहिलं. तिथं १९१३ सालचा 'अर्ल' नावाचा ट्रेलर आहे, फोर्डच्या मॉडेल टी गाडीमागं जोडलेला. आत दोन बाकं आणि मध्ये टेबल, एवढाच संसार. नटी मे वेस्टसाठी पॅरामाउंट स्टुडिओनं १९३१ साली करवून घेतलेलं चाकांवरचं घरही तिथं आहे. पण मला जास्त भावले ते साधे, लाकडी ओट्याचे ट्रेलर. मंदीच्या काळात घर गेलेल्या कित्येकांनी अशा ट्रेलरमध्ये दिवस काढले आणि दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांवर कामाला आलेल्या कुटुंबांनाही सरकारनं ट्रेलरमध्ये राहायला जागा दिली. सहलीची चैन म्हणून आपण जिला हसतो, ती वस्तू कुणाकुणाचं घर होऊन गेली आहे.

संध्याकाळी परत आलो तेव्हा नवी फळी बसली होती. मेहुण्यांनी बागेतल्या पाइपनं त्या कोपऱ्यावर अर्धा तास पाणी मारलं. आम्ही दोघी आत बाकाखाली विजेरी लावून बसलो. एक थेंब आला नाही.

कागद, साखळी आणि निरोप

किंमतीबद्दल घासाघीस करायची वेळच आली नाही. दुरुस्तीचे साडेतीनशे, नव्या चार टायरांचे सुमारे पाचशे आणि वर थोडे, असा हिशेब आजींनीच कागदावर मांडून साडेदहा हजार सांगितले. आम्ही मान डोलावली.

बुधवारी सकाळी टायर बदलले आणि आम्ही त्यांच्याच बँकेत गेलो. पैशांची देवघेव रस्त्यावर किंवा अंगणात करू नये. बँकेत केली, की विकणाऱ्याला ड्राफ्ट खरा असल्याची खात्री आणि घेणाऱ्याला सहीची. टायटलवर आजींची सही, खरेदीचा वेगळा कागद, त्यावर तारीख, किंमत आणि तो सतरा आकडी नंबर. नोंदणीचे आणि रस्त्यावरून नेण्याचे नियम तिकडं दर राज्यात निराळे, म्हणून मेहुण्यांनी निघण्यापूर्वीच दोन्हीकडच्या कचेऱ्यांना विचारून ठेवलं होतं.

मग जोडणी. गाडीच्या मागच्या गोळ्यावर ट्रेलरची मान बसवायची, खीळ घालायची, दोन साखळ्या खालून एकमेकींवरून फुलीसारख्या घ्यायच्या, म्हणजे मान सुटलीच तर ती साखळ्यांच्या झोळीत पडते. दिव्यांची तार जोडायची आणि एकानं मागं उभं राहून उजवा, डावा, ब्रेक असे सगळे दिवे पाहायचे. वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार गाडीवर पडला पाहिजे. मागं जास्त सामान भरलं, तर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो.

आजी सारखं काहीतरी आठवून आत जात होत्या. एकदा विजेरी, एकदा पायपुसणं. बहिणीनं विचारलं, "पडदे तुम्हाला ठेवून घ्यायचे आहेत का?" त्या म्हणाल्या, "राहू देत. त्या खिडक्यांच्याच मापाचे आहेत ते." मग दाराला हात लावून क्षणभर उभ्या राहिल्या आणि एकदम घरात निघून गेल्या. बहीण त्यांच्यामागं गेली. बऱ्याच वेळानं आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही.

परतताना पंचावन्न मैलांच्या वर वेग नेला नाही. हरवलेला तास वसूल झाला, पण प्रवासाला दोन दिवस लागले. पहिली रात्र विस्कॉन्सिनमधल्या एका झाडीत काढली. गॅसवर मुगाची खिचडी टाकली. फोडणी केली मात्र, धुराची घंटा कोकलू लागली! मेहुण्यांनी खिडक्या उघडल्या, मी टॉवेलनं वारा घातला. तुमच्यापैकी कुणी अशा घरात स्वयंपाक करणार असाल, तर फोडणीचं भांडं दाराबाहेरच्या शेगडीवर ठेवा.

तुमच्यासाठी चार शब्द

आता अमेरिकेतला ट्रेलर आपल्यापैकी किती जणी घेणार? पण कुणाची लेक, भाची, सून तिकडं आहे. आणि लांबच्या माणसाकडून जुनी वस्तू घ्यायची वेळ तर कुणावरही येते, मग ते शिवणयंत्र असो, स्कूटर असो की गावाकडची खोली. तेव्हा एवढं लक्षात ठेवा. वस्तू डोळ्यांनी आणि हातानं पाहिल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका. कागदावरचं नाव आणि समोरचं माणूस एकच आहे ना, ते पाहा. घरातून निघतानाच रिकाम्या हातानं परतायची तयारी ठेवा. गेलेलं पेट्रोल परवडतं, गळकं घर परवडत नाही. आणि दोष सापडला, तर तो विकणाऱ्याला सरळ दाखवा. कित्येकदा त्यालाही तो माहीत नसतो, आणि दाखवल्यावर तो काय करतो, त्यावरून माणूस कळतं.

ऑगस्टमध्ये मंडळी यलोस्टोनला जाऊन आली. माईंचा फोन आला होता. त्यांना फवारे आवडले, रानगवे आवडले, पण सगळ्यांत जास्त कौतुक भाकरीचं. एकादशी सोडून द्वादशीला त्यांनी तळ्याकाठी, त्या ट्रेलरच्या ओट्यावर, स्वतःच्या हातानं ज्वारीच्या चार भाकरी थापल्या. कपाटाच्या दारावरची आजींची यादी बहिणीनं पुसलेली नाही. तिच्या खाली मराठीत एक ओळ वाढवली आहे, 'माईंची काठी घेतली का?'